चालू जँगो संकेतस्थळाला वेब सेवा जोडताना

जँगो या पायथॉनमधील वेब फ्रेमवर्कवर उभे असलेले तुमचे संकेतस्थळ आज व्यवस्थित चालत आहे, हेच तुमचे मोठे भांडवल आहे. म्हणून मोबाइल ॲपसाठी वेब सेवा (ॲपला इंटरनेटवरून माहिती पुरवणारा भाग) हवी असली, तरी सारे नव्याने लिहायला घेऊ नका.

सुरुवात फक्त माहिती वाचून देणाऱ्या एकाच सेवेने करा. ग्राहकाच्या ऑर्डरची यादी त्यासाठी उत्तम. व्ह्यूमध्ये (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) विखुरलेले हिशेबाचे आणि पडताळणीचे नियम आधी वेगळ्या फंक्शनमध्ये काढा, म्हणजे एचटीएमएल पान आणि ॲपला वाचता येईल असे जेसॉन स्वरूपातले उत्तर दोन्ही त्याच फंक्शनवर उभी राहतील. नियमांची नक्कल करणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पुढे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते.

एवढे मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा:

- सेवेच्या पत्त्यातच (यूआरएलमध्ये) तिच्या आवृत्तीचा क्रमांक ठेवा. सगळे वापरकर्ते नवे ॲप एकाच दिवशी घेत नाहीत.
- लॉगिन नसल्यास ४०१ ('ओळख पटलेली नाही') हा संकेत द्या. जँगोचा 'लॉगिन रिक्वायर्ड' डेकोरेटर (फंक्शनवर लावायचे वेष्टन) विनंती ३०२ या 'दुसऱ्या पत्त्यावर जा' संकेताने लॉगिनच्या पानाकडे वळवतो आणि ॲपच्या हाती जेसॉनऐवजी एचटीएमएल पडते; हा दोष शोधताना अनेकांचे दिवस जातात.
- मॉडेलमधील सगळी फील्ड्स सरसकट पाठवू नका. वापरकर्त्याच्या नोंदीत पासवर्डचा हॅशही (पासवर्डपासून बनवलेले सांकेतिक रूप) असतो.

सीएसआरएफची, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळावरून वापरकर्त्याच्या नावे येणारी खोटी विनंती अडवणाऱ्या संरक्षणाची, त्रुटी आली की ते संरक्षणच बंद करण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळा. टोकन (ओळख पटवणारी किल्ली), कॅशिंग (उत्तरे साठवून पुन्हा वापरणे), ग्राफक्यूएल (माहिती मागण्याची क्वेरी भाषा) सध्या बाजूला राहू द्या. पहिल्या सेवेची चाचणी लिहून झाली की दुसरी निर्धास्तपणे हाती घ्या.