चहात गोळी घालून देऊ का?

"ताई, डॉक्टरकडे यायला हे तयारच नाहीत. औषध लिहून घेतलं तर चहात घालून देऊ का?" नवरा, सासू, मोठा दीर, कुणाच्याही बाबतीत हा प्रश्न मला विचारला जातो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंनीही विचारला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका बँकेतून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढे. गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च अजून तेच लिहितात, रुपया इकडचा तिकडे होत नाही. पण वर्षभरापासून त्यांची खात्री पटली होती की बायकोचं बाहेर कुणाशी तरी आहे. खंडेराव मार्केटमधून यायला 20 मिनिटं उशीर झाला, हा पुरावा. फोनवर पलीकडून कुणी बोललं नाही, हाही पुरावा. काकूंनी मोबाइल त्यांच्या हाती दिला, देवापुढे शपथ घेतली. मुलाने कॉलची यादी दाखवली. काका म्हणाले, "दुसरं सिम असणार."

नातेवाइकांच्या मते हा म्हातारचळ. संशयी स्वभावाचा माणूस भक्कम पुरावा पाहिला की थोडा तरी ओशाळतो. काकांच्या बाबतीत प्रत्येक पुरावा संशयालाच जाऊन मिळत होता. याला डिल्युजनल डिसऑर्डर किंवा भ्रमविकार म्हणतात. खोटी पण अढळ समजूत निदान महिनाभर टिकलेली असते. स्किझोफ्रेनियासारखं बोलणं विस्कटत नाही, व्यवहार चालू राहतात. हजारात साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. "कुणीतरी माझ्या वाईटावर आहे" हा प्रकार सर्वाधिक आढळतो. जोडीदारावरच्या संशयाचा पुरुषांत जास्त. घरचे फसतात ते इथेच. हिशेब चोख, म्हणजे डोकं ठिकाणावर, म्हणजे मुद्दाम छळतायत.

चहातल्या गोळीला मी स्पष्ट नाही म्हणते. संमतीचा प्रश्न आहेच. शिवाय बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतात, काही झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही. आणि एकदा लक्षात आलं, की इतके दिवस खोट्या असलेल्या संशयाला आपणच एक खरं कारण पुरवतो.

काकूंना सांगितलं, वाद घालू नका आणि हो ला होही म्हणू नका. "मी तसं काही केलेलं नाही" एवढं एकदाच सांगायचं, मग त्यांच्या त्रासाबद्दल बोलायचं. काकांना रात्र-रात्र झोप नव्हती, ते त्यांनाही मान्य होतं. झोपेसाठी ते जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले, त्यांच्या सांगण्यावरून मानसोपचारतज्ज्ञाकडे. तिथे स्मरणशक्ती, दारू, चालू औषधं सगळं पाहिलं गेलं; या वयात पहिल्यांदाच असा संशय आला तर स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सनची काही औषधंही कारण असू शकतात. मग भ्रमावरची गोळी कमी मात्रेत सुरू झाली, काकांना सांगून. बडोद्यात सयाजी हॉस्पिटल आणि कारेलीबागेतलं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. घरून बोलायचं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416.

त्याआधी काकूंना एकटं बसवून मी विचारलं होतं: हात उचललाय का? धमकी? मागोमाग येतात? एकदा काकांनी बाहेरून कडी घातली होती. या प्रकारच्या भ्रमात हे प्रश्न विचारायलाच हवेत, कारण जोडीदाराच्या जिवावर बेतू शकतं. शेजारणीकडे किल्ली ठेवली, मुलगा काही दिवस घरी झोपायला आला, आणि हात उठला तर 112 लावायचं ठरलं. "आजारी आहेत, सहन कर" हा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

काही महिन्यांनी काका घड्याळ बघायचे थांबले. "तेव्हा होतं काहीतरी, आता नाही," असं म्हणतात. आपण चुकलो हे त्यांनी कबूल करावं ही काकूंची अपेक्षा. ते कदाचित कधीच होणार नाही, हे मी सांगून ठेवलंय. आता काकू स्वतःसाठी येतात. काही न करता वर्षभर रोज उलटतपासणी झाली त्याचा राग आहे, आणि काकांना बरं वाटू लागल्यावरच तो वर आला.