मुलाच्या खोलीत हीटर कोणता ठेवावा? की शेगडीच बरी?

मुलगा ४ वर्षांचा, थंडीत रात्री खोकतो, खोलीत कुठला हीटर सुरक्षित, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय की आई म्हणतात, हीटरनं हवेतला प्राणवायू संपतो, त्यापेक्षा निखाऱ्याची शेगडी ठेव. मी उत्तर लिहायला बसलोय ते त्या शेवटच्या ओळीमुळं. मी कोल्हापुरात वायरमनचं काम करतो आणि हाच वाद माझ्या घरात पेटून अजून विझलेला नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डिसेंबरचे दिवस. तिची सोय वरच्या खोलीत केलेली. खोली नवी, स्लॅबची, स्लायडिंगच्या खिडक्यांची. माझी आत्या गावाकडनं खास शेक-शेगडी करायला आलेली. अंग शेकायचं, बाळाला वावडिंग-ओव्याची धुरी द्यायची, मग शेगडी बाहेर. दार उघडं असायचं, त्यामुळं मीही काही बोललो नव्हतो. एका रात्री गारठा वाढला तशी आत्यानं शेगडी बाजेखाली सरकवली आणि खिडक्या-दार गच्च लावून घेतलं. मी कामावरनं उशिरा आलो, वर डोकावलो, तर लेक म्हणाली, "पप्पा, डोकं लई जड झालंय, मळमळतंय." घरात सगळ्यांचं एकच, बाळंतपणाचा थकवा आहे, झोपू दे.

गॅस गीझरच्या बाथरूमला एक्झॉस्ट बसवायला मला कायम बोलावतात, त्यामुळं बंद जागेत जाळ काय करतो हे मला ठाऊक आहे. कोळसा कोंडलेल्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा धरून बसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतनं माणूस उठत नाही. मोठं माणूस निदान डोकं दुखतंय म्हणून सांगतं. तान्हं बाळ काय सांगणार? ते शांत झोपलंय असंच आपल्याला वाटणार.

मी लेकीला आणि बाळाला आधी खाली आणलं, सगळ्या खिडक्या उघडल्या, शेगडी अंगणात नेऊन ठेवली. मोकळ्या हवेत तासाभरात तिचं डोकं उतरलं. तरी सकाळी दोघांना डॉक्टरांकडं नेलंच. आत्या मात्र पेटली. "बाळंतिणीला वारं लावतोस? आमी काय शेगडीवर पोरं वाढवली नाहीत?" वाढवली. पण कौलारू घरात. कौलांच्या सांध्यातनं, दाराच्या फटीतनं धूर आणि वायू आपोआप बाहेर जायचा. स्लॅबच्या खोलीत स्लायडिंग बंद केलं की त्याला जायला वाट कुठाय? हे मी तिला अनेकदा सांगितलं. ती अजून पाहुण्यारावळ्यांत म्हणते की ह्याच्या वायरीच्या नादानं बाळंतीण गारठली. म्हणून इथं स्पष्ट लिहितो: प्राणवायू शेगडी खाते. विजेच्या हीटरमध्ये काही जळतच नाही, तार नाहीतर तेल तापतं. हवा तापली की कोरडी वाटते, नाक सुकतं, त्यावरनं लोक प्राणवायू संपला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी जावई लाल दांड्यांचा हीटर घेऊन आले आणि मोबाईल चार्जर लावतो त्या एक्स्टेन्शनला जोडायला निघाले. जावयांना तोंडावर नाही म्हणायला जड गेलं, पण म्हटलं. रॉडचा हीटर मुलाच्या खोलीत नकोच. जाळीतनं पोर बोट घालतं, पांघरूण पडलं तर पेटतं. ब्लोअर, म्हणजे पंख्यानं गरम हवा फेकणारा हीटर, झोपायच्या आधी पाच-दहा मिनिटं ठीक, रात्रभर नको.

तुम्ही ऑइलवाला, म्हणजे आत तेल भरलेला हीटर घ्या. १० बाय १२ फुटांच्या खोलीला ९ फिनचा, म्हणजे ९ उभ्या पात्यांचा, पुरतो. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारा), कलंडला तर आपोआप बंद होण्याची सोय आणि आयएसआय शिक्का बघूनच पैसे द्या. तो लाल होत नसला तरी चटका बसण्याइतका तापतो, त्यामुळं पलंग, पडदे, कपडे यांच्यापासनं ३ फूट लांब, आणि पोराचा हात पोचणार नाही असा. त्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. २००० वॅटचा हीटर ८-९ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या सॉकेटला तो झेपत नाही, एक्स्टेन्शनला तर नाहीच. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड वायर, अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), एवढं असल्याशिवाय हीटर घरात आणू नका. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलं असेल तर अर्थिंग आणि खालचे बोर्ड आधी तपासून घ्या. भिंत वरनं कोरडी दिसते, आतली जोडणी गंजलेली असते. जळालेले पिवळे प्लग मी गोळा करून ठेवलेत, गिऱ्हाइकाला दाखवायला.

झोपायच्या अर्धा तास आधी लावा, खोली १८-२० अंशांवर आली की बंद करा, दार थोडं किलकिलं ठेवा. आपल्याकडं पहाटे पारा बहुतेक १४-१५ ला येतो. स्वेटर, मोजे आणि चांगली वाकळ असली तर ४ वर्षांच्या पोराला बऱ्याच रात्री हीटर लागणारही नाही. तान्ह्याला मात्र जड पांघरूण घालू नका.

आणि खोकला थंडीचाच आहे हे कशावरनं? पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन बुरशी धरली असेल तर हीटर काय करणार? पलंगामागची भिंत आधी बघा, पोराला डॉक्टरांना दाखवा. आईंना माझ्या लेकीच्या डोकेदुखीचं सांगा. शेगडीची सवय असेल तर अंगणात पेटवून शेकत बसू दे, तिथं माझी काही हरकत नाही.