मुलीच्या इंग्रजी गोष्टीतलं प्रत्येक वाक्य 'शी'ने सुरू होतं. व्याकरण घोटून घ्यावं का?

तुम्ही प्रश्नात मुलीच्या गोष्टीतल्या ओळी दिल्यात ते बरं झालं. "शी वॉज स्टँडिंग ॲट द स्टेशन. शी वॉज वेटिंग फॉर हर फादर. शी हॅड ॲन अम्ब्रेला." खाली बाईंचा लाल शेरा: वाक्यांची सुरुवात बदल. आणि तुम्ही विचारताय की आठवीचं वर्ष आहे, तर जाड व्याकरणाचं पुस्तक आणून सुट्टीभर घोटून घेऊ का.

नका घेऊ. मी ठाण्यात नौपाड्याला सेमी-इंग्रजीच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि पहिली काही वर्षं मी हेच करून घेत होते. 'टू' काढून 'सो... दॅट' करा, 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर... दॅन' घाला. मुलांना ते चोख यायचं. गोष्ट मात्र होती तिथेच.

अमेरिकेत ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली तोवरचं संशोधन तपासलं आणि स्पष्ट लिहिलं की नुसतं औपचारिक व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, उलट लिहिण्याच्या सरावाचा वेळ त्यात जातो म्हणून नुकसानही होऊ शकतं. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हाही व्याकरणाच्या तासांचा परिणाम उणे निघाला. त्याच अहवालात सुटी वाक्यं जोडून एक वाक्य करण्याच्या सरावाचा मात्र चांगला फायदा दिसला.

आता त्या लाल शेऱ्याकडे येते, कारण मला तो चुकीचा वाटतो. फ्रान्सिस ख्रिस्तेन्सेन नावाचे प्राध्यापक होते. मुरलेले लेखक इंग्रजी वाक्य खरोखर कसं रचतात हे त्यांनी कथा-कादंबऱ्या आणि लेख घेऊन, वाक्यं मोजून पाहिलं. शंभरातली साधारण पंचाहत्तर वाक्यं सरळ कर्त्यानेच सुरू होत होती. म्हणजे तुमच्या मुलीची 'शी' जागेवरच आहे. कमी पडतंय ते वाक्याच्या शेवटी. कथालेखक मुख्य गोष्ट आधी सांगून टाकतो आणि मग स्वल्पविराम देत एकेक बारकावा मागे जोडत जातो: हात काय करत होते, नजर कुठे होती, कपडे कसे होते.

आपल्या मुलांना हे का जमत नाही? माझ्या मते त्याचं कारण मराठीत आहे. आपण म्हणतो, "छत्री मिटून, दप्तर पोटाशी धरून, इंडिकेटरकडे बघत ती बाबांची वाट पाहत होती." सगळं सामान आधी आणि क्रियापद शेवटी. आपल्या भाषेत हे सुरेख वाटतं. मूल हाच क्रम इंग्रजीत नेतं, वाक्य डोक्याकडून जड होतं, 'हॅविंग'वर 'हॅविंग' चढतात आणि वही लाल होते. दोनचारदा असं झालं की ते मूल घाबरून तीन-तीन शब्दांची वाक्यं लिहायला लागतं. इंग्रजीत तेच सामान क्रियापदानंतर न्यायचं: "शी वेटेड फॉर हर फादर, अम्ब्रेला फोल्डेड, बॅग हेल्ड टू हर चेस्ट, आइज ऑन द इंडिकेटर." सुरुवात 'शी'चीच आहे, पण ती मुलगी आता दिसते.

माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ती तलावपाळीला बसली होती, ती भेळ खात होती, ती उदास होती. मी विचारलं, उदास माणूस भेळ कशी खातो गं? ती म्हणाली, "टीचर, ती खात नव्हती, नुसती चमचा फिरवत होती. कुरमुरे मऊ पडले होते." म्हटलं, हेच लिही. तिने लिहिलं: "शी सॅट बाय द लेक, स्टरिंग हर भेळ, नॉट ईटिंग, द कुरमुरे गॉन सॉफ्ट." 'सॅड' शब्द तिने आपणहून खोडला. शेवटच्या तुकड्याला, म्हणजे स्वतःचा वेगळा कर्ता असलेल्या पण पूर्ण क्रियापद नसलेल्या जोडणीला, ॲब्सोल्यूट रचना म्हणतात हे मी तिला नंतर सांगितलं. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर सति सप्तमी आठवा, त्याच जातीची आहे ती. नाव आधी सांगितलं असतं तर हे वाक्य आलं नसतं, याची मला खात्री आहे.

व्याकरण टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. इंग्लंडमध्ये डेब्रा मायहिल यांच्या गटाने ३१ शाळांत प्रयोग केला. लिहिताना जे लागेल तेवढंच व्याकरण त्या लेखनाशी जोडून शिकवलं, तर उपयोग झाला, विशेषतः बरं लिहिणाऱ्या मुलांना. 'अ' आणि 'द' ही इंग्रजी उपपदं (आर्टिकल्स) आपल्या भाषेत नाहीतच, त्यामुळे त्यांचा सराव लागतोच. तो तिच्याच वहीतल्या चुकांवरून करून घ्या. परीक्षेतल्या 'डू ॲज डायरेक्टेड'ची तयारी वेगळी, शेवटच्या महिन्यात उरकते.

घरी रोज पंधरा मिनिटं पुरतात. तिच्या आवडत्या इंग्रजी पुस्तकातलं एक लांब वाक्य घ्या, ते सुट्या वाक्यांत मोडून द्या, दुसऱ्या दिवशी मूळ न बघता तिला जोडू द्या, मग शेजारी ठेवून बघा. कधी तिचं जास्त चांगलं निघतं. सगळीच वाक्यं लांबवायची नाहीत हेही सांगा. लांब वाक्यानंतर छोटं आलं की ते लागतं.

तुम्ही दिलेल्या गोष्टीत शेवटी लोकल येते, बाबा उतरतात आणि ती लिहिते, "शी वॉज हॅपी." आज तिथूनच सुरू करा. तिला विचारा, बाबा दिसल्यावर हातातल्या छत्रीचं काय झालं?