कोणत्या दिवसाचं सांगू?

"मॅडम, पोट्टा दर खेपी येगळंच सांगते. मंग त्याच्यावर इस्वास ठेवाचा कसा?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. कधी मुद्दा पैशांचा असतो, कधी मोबाईलचा, कधी मुलीच्या कॉलेजातून उशिरा येण्याचा. एका घराची हकिकत सांगते, उत्तर त्यातच आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला घरच्यांनी हो म्हटलं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. घर एकत्र. कारभार मोठ्या बाबांकडे, म्हणजे पोराच्या थोरल्या काकांकडे; पोराचे वडील बुटीबोरीला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येणारे. डिसेंबरात खेडा खरेदीवाल्याला साडेसहा क्विंटल कापूस दिला, सात हजारांच्या भावानं 45,500 रुपये नगदी आले. मोठ्या बाबांनी ते आलमारीत लुगड्यांच्या घडीखाली ठेवले. आठ दिवसांनी काढले तर 31,000 भरले. साडेचौदा हजार गेले कुठं?

दुपारी घरात येणारा-जाणारा एकच, अकरावीतला पोरगा. त्याला विचारलं तर म्हणाला, मी वावरात होतो. संध्याकाळी पुन्हा विचारलं तर म्हणाला, मधे चार्जर घ्यायला आलो होतो. दुसऱ्या दिवशी तिसरंच: मी पानठेल्यावर होतो. दोन दिवस हे चाललं. आई जेवेना, मोठे बाबा ठाण्यात नेण्याची भाषा करू लागले. तिसऱ्या रात्री पोरगा म्हणाला, "हो, म्याच घेतले. गेममधी हारलो."

घर शांत झालं. मोठे बाबा म्हणाले, "म्या तं म्हनतच होतो." पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण कसे गेले ते कळलं, याचाच दिलासा मोठा होता. त्यानंतर पोरगा बोलेनासा झाला, कॉलेज सोडून ओसरीवर पडून राहू लागला, आणि आई त्याला 'खोटं बोलण्याच्या सवयी'साठी माझ्याकडे घेऊन आली.

इथं माझी चूक सांगून टाकते. पहिल्या भेटीत मीही ती गोष्ट धरूनच चालले. मोबाईल, गेम, मित्राच्या फोनवरून भरलेले पैसे, शरमेनं गप्प झालेला मुलगा. अशी पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळे ही गोष्टही त्यांच्याच ओळीत बसली. नोंदवहीत मी 'गेमिंग' असा शब्द लिहून खाली रेघसुद्धा ओढली होती.

दुसऱ्या भेटीत त्याला एकटं बसवलं. किती घेतलेस, विचारलं. "चौदा हजार पाचशे." लगेच, पाठ केल्यासारखं. पहिल्यांदा किती सांगितले होतेस? जरा थांबून म्हणाला, "दहा. मंग मोठे बाबा म्हनले साडेचौदा, तं म्या हो म्हनलं." मित्राचं नाव? ते आईनंच सुचवलं होतं, "त्याच्याच संगतीनं गेला असशीन" म्हणून. आणि गेम? गावात त्याच महिन्यात दुसऱ्या एका पोराचं तसं प्रकरण गाजलं होतं.

घरी परत जाऊन मी ती कबुली तपशिलानं कागदावर उतरवली आणि एकच गोष्ट शोधली: विचारणाऱ्यांना आधीपासून माहीत नव्हतं असं यात काही आहे का? एकही तपशील सापडला नाही. सगळं घरच्यांनीच पुरवलेलं, पोरानं फक्त मान हलवलेली. आपल्या कायद्याला हा धोका फार जुना ठाऊक आहे. पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्याच्या 25 व्या कलमात होतं आणि आताच्या 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 23 व्या कलमात आहे. घरातल्या ओसरीला मात्र असं कलम लागू नाही.

मग गोष्ट दर वेळी का बदलली? मी त्याला हेच विचारलं. तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "मॅडम, पैशे कोन्या दिवशी गेले तेच कोनाले माहीत नाई. मंग म्या कोन्या दिवसाचं सांगू?"

हे वाक्य मी अजून अनेक आयांना ऐकवते. आठ दिवसांत तो वावरातही गेला होता, चार्जरसाठी घरीही आला होता आणि पानठेल्यावरही थांबला होता. तिन्ही खरं. ज्यानं पैसे उचलले त्याला वार, वेळ, आलमारीचा कप्पा सगळं माहीत असतं, म्हणून तो आपली गोष्ट आधीच नीट बांधून ठेवू शकतो. ज्यानं उचलले नाहीत त्याच्या गोष्टीला शेवटच नसतो. विचारलं की तो आठवेल तो तुकडा पुढं करतो. पुन्हा विचारलं की दुसरा तुकडा. ऐकणाऱ्याला वाटतं, हा फिरवतोय.

पानठेला त्यानं आधी लपवला होता, हेही खरं. कारण खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. घरी कळलं असतं तर मार होता. म्हणजे पोरगा खोटं बोलला होताच, पण खर्ऱ्याबद्दल. घरच्यांनी ते खोटं उचलून पैशांना जोडलं. "एकीकडं खोटं बोलला तं दुसरीकडंबी बोलनारच" हा हिशोब कानाला पक्का वाटतो, पण माणसं कशाबद्दल आणि कोणाच्या धाकानं खोटं बोलतात हे त्यात पाहिलंच जात नाही.

आईचं म्हणणं होतं, "तो नजर चोरत होता न जी." नजर चोरणारा खोटारडा, ही समजूत काही आपल्याच गावची नाही; पंचाहत्तर देशांत विचारणा झाली तेव्हा खोट्याची खूण म्हणून हीच सगळ्यात जास्त सांगितली गेली. प्रत्यक्षात ती भरवशाची नाही. 2006 साली बाँड आणि डीपाउलो या अभ्यासकांनी 24,000 हून अधिक लोकांनी दिलेले निवाडे एकत्र तपासले, तर नुसतं पाहून-ऐकून खरं-खोटं ओळखण्यात सरासरी 54 टक्के बरोबर ठरले. नाणं उडवलं तर 50. आणि आपल्याकडं मोठ्यांसमोर मान खाली घालायला तर आपणच शिकवतो!

मग पटतं ते कशामुळं? पेनिंग्टन आणि हेस्टी या मानसशास्त्रज्ञांनी लुटुपुटीच्या खटल्याचा एक प्रयोग केला होता, निकाल 1988 साली छापले. पुरावा तोच, फक्त मांडणी वेगळी. फिर्यादीची बाजू घटनाक्रमानं, गोष्टीसारखी सांगितली आणि बचावाची साक्षीदारांप्रमाणे तुटक, तेव्हा 78 टक्के लोकांनी दोषी ठरवलं. उलट केलं तेव्हा 31 टक्के. पुरावा एका अक्षरानंही बदलला नव्हता. मोठ्या बाबांकडं गोष्ट होती, पोराकडं तुकडे.

आणि तपशील. बचत गटाच्या एका बैठकीत मी बायांना विचारलं होतं: यंदा सोयाबीनचा उतारा घटेल, की ऑगस्टात पावसाचा खंड पडून सोयाबीनचा उतारा घटेल, यातलं जास्त शक्य काय? बहुतेकींनी दुसरं सांगितलं. खरं तर खंड पडून घटणं हे घटण्यातच आलं. किडीनं, मुळकुजीनं घटणंही पहिल्यात धरलेलंच आहे. पण कारण जोडलं की चित्र डोळ्यांसमोर येतं. 'पैसे गेले' यापेक्षा 'गेममध्ये, मित्राच्या फोनवरून गेले' हे जास्त खरं वाटतं ते असंच.

मी घरच्यांना एकत्र बसवून एवढंच विचारलं की ठेवल्यापासून काढेपर्यंत मधे पैसे कोणी मोजले. कोणीच नाही. वेचणीच्या बायांचे साडेसहा हजार कुठून दिले? मोठी आई म्हणाली आलमारीतून. मोठे बाबा म्हणाले, छे, खिशातल्या सोयाबीनच्या पैशातून. कृषी केंद्राच्या उधारीतलेही काही दिले होते, किती ते दोघांनाही आठवेना. खोलीत जरा वेळ कोणी बोललं नाही.

ही नवी गोष्ट मला फार आवडली. मोठ्या बाबांनीच खर्च केले, विसरले, आणि बदनाम झाला पोरगा! इतकी आवडली, म्हणूनच मी ती तोंडातून बाहेर पडू दिली नाही. साडेसहा हजार वजा केले तरी आठ हजारांचा पत्ता लागत नव्हताच.

आईनं विचारलं, "म्हंजे तुमी म्हनता का त्यानं नाई घेतले?"

"मी तसंही म्हणत नाही. घेतले हे ठरलेलं नाही, एवढंच."

तिला हे आवडलं नाही. निघताना तिनं बसचं कारण सांगितलं, पण बसला अजून तासभर होता. शेवट नसलेली गोष्ट घरी घेऊन जाणं जड असतं, आणि मीही तिला हलकं काही देऊ शकत नव्हते. पुढच्या वेळी ती आली तेव्हा सांगत होती की आता ती पोराला एकदाच विचारते, कोणत्या दिवसाचं ते सांगून विचारते, आणि त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत मधे स्वतःचा शब्द घालत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड जाते, म्हणाली.

फेब्रुवारीत मोठे बाबा एकटेच आले. खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मॅडम, तुमच्या मनानं कोनं घेतले?"

"मला माहीत नाही."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकून."

ते बराच वेळ पंख्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "वेचनीचे पैशे म्या कुठून देल्ले, ते मलेबी आता पक्कं आठवत नाई जी." पोराला हे सांगितलं का, मी विचारलं. नाही, म्हणाले. सांगाल का? त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठले.

सांगितलं की नाही, मला कळलं नाही. पोरगा कॉलेजात जायला लागला आहे. खर्रा मात्र सुटलेला नाही. पुढची भेट त्यासाठीच ठेवली आहे.