आधी डेटम ठरव, मग आकडे टाक

भाऊ, जळगावच्या एमआयडीसीत ठिबकच्या फिल्टरचं डिझाइन करायला लागलास, फार आनंद वाटला. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) टाकण्याआधी पार्ट जोडणीत नेमका कुठे टेकतो ते बघ. फ्लँज (बोल्टने जोडायचा चपटा भाग) गॅस्केटवर बसतो ना? मग तोच फेस पहिला डेटम, म्हणजे मापं जिथून घ्यायची ती जागा. मोजायला सोपी म्हणून बाहेरची कड धरू नकोस.

बोल्टच्या होलना एक्स-वायमध्ये ±०.१ देणं सोड. त्याने ०.२ मिमीचा चौकोन मिळतो. कोपऱ्याकडे सरकलेलं होल पास होतं आणि तेवढंच आडवं सरकलेलं रिजेक्ट! जोडणीला दोन्ही सारखेच. त्याऐवजी ०.२८ व्यासाचं पोझिशन टॉलरन्स दे, म्हणजे होलचं केंद्र तेवढ्या वर्तुळात कुठेही चालतं. कोपरे तेच, क्षेत्र सुमारे ५७ टक्के जास्त. वर एमएमसी (होल सर्वात लहान, म्हणजे पार्टात जास्तीत जास्त मटेरियल असतानाची अट) लाव. होल १०.२ ते १०.४ असेल, तर १०.४ ला पोझिशनमध्ये आणखी ०.२ची सूट मिळते आणि तपासणी पिन गेजवर होते. बेअरिंगच्या बोअरला मात्र एमएमसी नको, तिथे केंद्र महत्त्वाचं.

स्टॅक-अपमध्ये (जोडलेल्या पार्टांचे फरक साठतात तिथे) ±०.१चे चार पार्ट वर्स्ट केसने, म्हणजे सगळे फरक थेट मिळवून, ±०.४ देतात; आरएसएसने, म्हणजे फरकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून, ±०.२. आरएसएसचा मोह आवर. प्रोसेस स्थिर आणि लॉट मोठा असेल तरच तो वापर. मोजके नग काढायचे असतील, तर वर्स्ट केसच धर.