रोज ४ किमी चालतो, आठवड्यात २ दिवस जिम. ५ किमी धावण्याचा ९ आठवड्यांचा प्लॅन पहिल्या आठवड्यापासूनच करू का?

गरज असेलच असं नाही, पण थेट पाचव्या आठवड्यावर उडीही नको. आधी नागपुरातल्या फुटाळा तलावाजवळच्या सपाट रस्त्यावर ५ मिनिटं झपझप चाला, मग पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या हळू पळा. २-३ मिनिटांतच धाप लागली तर पहिला आठवडा: १ मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं, असं ८ वेळा. ५ मिनिटं निघाली तर तिसरा. १० मिनिटं सहज झाली तर चौथा, त्यापुढे नाही.

कारण दम तुमच्याकडे आहे, पण हाडं आणि स्नायूबंध अजून पळण्याला सरावलेले नाहीत. त्यांना दमापेक्षा जास्त वेळ लागतो. जिमवाले नेमके इथेच फसतात. नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागलं तर बोटाने दाबून बघा. दुखणं वीतभर पट्टीत पसरलेलं असेल तर आठवडाभर फक्त चाला. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कळ येत असेल तर पळणं बंद, हाडांच्या डॉक्टरकडे जा.

आठवड्यात ३ दिवस पुरे, मध्ये एक दिवस सुट्टी. पायांचा व्यायाम पळण्याच्या आदल्या दिवशी नको. सेमिनरी हिल्सचा चढ पहिला महिना सोडा, आणि सिमेंट रोडपेक्षा मातीचं मैदान मिळालं तर बरंच. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचलाच निघा; सातनंतरचं नागपूरचं ऊन प्लॅन बघत नाही.