गणिती मॉडेलिंग शिकायचंय? वाशीची खाडी घे

गणिती मॉडेलिंगच्या, म्हणजे खरी घटना समीकरणांत मांडण्याच्या प्रकल्पासाठी विषय कोणता घेऊ, असं विचारलंस. माझं स्पष्ट मत सांगतो: सांख्यिकी, द्रवगतिकी, नियंत्रण प्रणाली, खगोलभौतिकी अशा चारही वाटांवर एकदम पाय ठेवू नकोस. एकच प्रश्न धर आणि तडीस ने. वाशीला राहतोस, तर ठाणे खाडीची भरती-ओहोटीच घे.

चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचा आवर्तकाल, म्हणजे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंतचा वेळ, सुमारे 12 तास 25 मिनिटं. समजा, तू रोज सकाळी 9 वाजताच पाण्याची पातळी नोंदवलीस. आलेखात सुमारे 14.8 दिवसांची संथ लाट दिसेल, आणि ती खाडीत नाहीच! नोंदी विरळ असल्या की जलद लाट संथ लाटेचं सोंग घेते. त्यात उधाणाच्या (सर्वांत मोठ्या) आणि भांगाच्या (सर्वांत लहान) भरतीचं चक्रही तेवढ्याच दिवसांचं, त्यामुळे हमखास फसशील. दर तासाला नोंद घेतलीस की हा घोळ उरत नाही. सॉफ्टवेअर यातलं काही सांगत नाही, ते नोंदींच्या बिंदूंवर वक्र बसवून मोकळं होतं.

मॉडेलच्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एककं जुळतात का, ते आधी बघ. मग उत्तर माहीत असलेल्या उदाहरणावर प्रोग्रॅम चालव. पुढे ग्रहकक्षांकडे वळलास तर केप्लरचा तिसरा नियम (फेरीच्या काळाचा वर्ग सूर्यापासूनच्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात) आहेच: गुरूचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या 5.2 पट, म्हणजे फेरी 11.86 वर्षांची यायला हवी. तेवढं जमल्याशिवाय गाइडना आलेख दाखवू नकोस.

आणि एका महिन्याच्या नोंदी आधीच बाजूला काढून ठेव. मॉडेल बनवताना त्या वापरू नकोस, तयार मॉडेल त्यांच्यावर तपास.